ब्लॅक रॅमची पुढची भिंत

काचेची पट्टी बरोबर मधोमध तुटली होती.

मी शिडीवर उभी होते, जमिनीपासून बाराएक फुटांवर. तुटलेल्या दोन तुकड्यांच्या फटीत नखाचं टोक जातं का, ते बघत होते. जात होतं.

"तुटली ना?" खालून एडना हॅडलीने विचारलं.

"तुटली."

"मग कोणी तोडली तेही सांगून टाका."

तीन आठवड्यांपूर्वी मीच ती पट्टी भिंतीतल्या तड्यावर आडवी चिकटवली होती. आमच्या कामातली ही जुनी, बिनखर्चाची युक्ती. तडा जुना असेल, भिंत हलायची थांबली असेल, तर काच जशीच्या तशी राहते. भिंत अजून सरकत असेल तर काच तुटते. पण काच दगडानेही तुटते, काठीनेही तुटते, आणि ती कशाने तुटली हे काचेकडे बघून सांगता येत नाही.

ही गोष्ट १९९४ च्या मे महिन्यातली. ऑल्डरविक हे इंग्लंडच्या मध्यभागातलं एक छोटं बाजाराचं गाव. दर गुरुवारी चौकात साठ-सत्तर स्टॉल लागायचे आणि आजूबाजूच्या तीस खेड्यांतली माणसं यायची. चौकाच्या एका अख्ख्या बाजूला 'ब्लॅक रॅम' नावाचा तीन मजली पब होता. दारावरच्या पाटीवर काळा मेंढा. लोकरीचे व्यापारी तिथे सौदे करत, त्या काळातला तो पब. तो बंद पडून तीन वर्षं झाली होती. एका कंपनीने तो विकत घेतला होता आणि तिला तो पाडून दुकानं बांधायची होती. गावाला तो हवा होता. गावाच्या बाजूने सगळ्यात पुढे होती एडना. वय चौऱ्याहत्तर, उंच, हाडकुळी, कायम कोटाची सगळी बटणं लावलेली. तिने आणि तिच्या नवऱ्याने, वॉल्टरने, तो पब चाळीस वर्षं चालवला होता.

आणि मी चारुशीला मगदूम. सांगलीला सिव्हिल इंजिनीयर झालेली, ऑल्डरविकच्या कौन्सिलमध्ये इमारत तपासनीस म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. पाचवा महिना चालू होता. नवरा दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात डॉक्टरकीच्या पुढच्या परीक्षेला बसला होता. गावात अर्ध्या लोकांना वाटायचं, मला कंपनीने फितवलंय. कंपनीला वाटायचं, मी गावाला घाबरते.

मी शिडीवरून उतरले. एडना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

"कंपनीचा माणूस सोमवारी इथे घुटमळत होता," ती म्हणाली. "मासेवाल्या टेरीने बघितलंय त्याला. हातात छत्री होती. ऊन पडलेलं असताना छत्री."

"मिसेस हॅडली, भिंत खरोखर हलत असेल तर?"

"दोनशे वर्षांत हलली नाही ती तुम्ही आल्यावर हलायला लागली?"

मी ऑफिसात गेले. माझे साहेब, ग्रॅहम, खुर्चीच्या पाठीवर कोट टाकून निघायच्या तयारीत होते. उद्या वर्षातला सगळ्यात मोठा बाजार होता, वसंतातला. त्या दिवशी स्टॉलची एक रांग थेट ब्लॅक रॅमच्या भिंतीला टेकून लागायची. मी त्यांना काच तुटल्याचं सांगितलं.

"मग चौक बंद कर," ते म्हणाले.

"भिंत हलते आहे याची खात्री नाही."

"मग बंद करू नकोस."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी भिंत बघितलेली नाही, चारू. तू बघितली आहेस. नोटिशीचा कागद तुझ्या टेबलावर आहे. सही तुझी." दारात पोचल्यावर ते वळले. "एवढं लक्षात ठेव की हा बाजार शंभर वर्षांत एकदाच थांबलाय. तोही एक तास. वॉल्टर हॅडलीची अंत्ययात्रा होती तेव्हा. स्टॉलवाल्यांनी त्याला खांद्यावरून नेलं होतं."

मी टेबलावरच्या त्या कोऱ्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. मग उठले आणि परत एडनाकडे गेले. पबसमोरच, बुटांच्या दुकानाच्या वर, ती दोन खोल्यांत राहायची.

"एक करू या," मी तिला म्हटलं. "बाहेरच्या काचेवर तुमचाही विश्वास नाही आणि माझाही नाही. मी आत्ता एक काच आत, तळघरात लावते. दाराला एक कुलूप माझं आणि एक तुमचं. तुमच्याशिवाय मी आत जाऊ शकणार नाही, माझ्याशिवाय तुम्ही नाही. उद्या सकाळी स्टॉल लागायच्या आधी दोघी मिळून बघू. काच तुटली असेल तर मी बाजार बंद करेन आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही. शाबूत असेल तर मी परत त्या भिंतीबद्दल एक शब्द बोलणार नाही."

ती लगेच हो म्हणाली नाही. मला त्याचं नवल वाटलं, कारण सौदा तिच्या फायद्याचा होता.

"तळघरात," ती म्हणाली.

"हो."

"कुठल्या भिंतीला लावणार?"

"लांब खोलीच्या टोकाला. तिथे विटा उघड्या आहेत. पुढच्या बाजूला तर तुमच्या फळ्या मारलेल्या आहेत."

"हो," ती म्हणाली. "फळ्या आहेत." आणि मग, "चालेल."

चार वाजता मी एकटीने काच चिकटवली. एडना वर बारमध्ये उभी राहिली. मग दोघींनी आपापली कुलुपं घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला मी चौकात पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. एडना आधीच दारात उभी होती. कोट, टोपी, हातात पर्स, जणू चर्चला निघाली आहे. चौक रिकामा होता. जमिनीवर खडूने स्टॉलच्या जागा आखलेल्या. भिंतीलगतची रांगही आखलेली होती. अंडी, पाव, फुलझाडं, मासे. सहा वाजता गाड्या यायला लागणार होत्या.

आम्ही कुलुपं काढली. बारमध्ये अजून शिळ्या बियरचा आंबूस वास होता. मी टॉर्च लावला आणि पुढे झाले. तळघराच्या पायऱ्या अरुंद होत्या. खाली उतरलं की आधी पिंपं ठेवायची चौकोनी खोली, आणि तिथून उजवीकडे वळलं की लांबच लांब दुसरी खोली, पबच्या पुढच्या भिंतीच्या बरोबर खाली. तिथे स्किटल्सचा खेळ चालायचा. एका टोकाला नऊ लाकडी खुंट मांडायचे आणि दुसऱ्या टोकाकडून लाकडी चेंडू घरंगळत सोडून ते पाडायचे. ऑल्डरविकचा प्रत्येक पुरुष कधी ना कधी त्या खोलीत खेळला होता.

मी टोकापर्यंत गेले आणि टॉर्च भिंतीवर धरला.

काच शाबूत होती. मी बोट फिरवलं. कुठे केसाएवढीही रेघ नाही.

मला एकदम हलकं वाटलं. आपण किती घाबरलो होतो ते मला तेव्हा समजलं.

"मिसेस हॅडली," मी हाक मारली, "या. बघून घ्या."

"तुटली नाही ना?"

"नाही. या ना, तुमच्या डोळ्यांनी बघा. दोघींची सही घालू या वहीत."

ती आली नाही. मी परत वळून पहिल्या खोलीत आले. ती पायऱ्यांच्या तळाशी, कठड्याला एक हात धरून उभी होती.

"मला इथून दिसतंय," ती म्हणाली.

तिथून काहीच दिसत नव्हतं. मध्ये भिंत होती. पण मला वाटलं, गुडघे दुखत असतील, फरशी ओली आहे, म्हातारं माणूस आहे. मी वही तिच्यापुढे धरली. तिने पेन घेतलं आणि सही केली नाही.

"मग बाजार होऊ देणार तुम्ही?"

"ठरल्याप्रमाणे. पण एक सांगते. माझं मन अजून मानत नाही. बाहेरची काच का तुटली ते मला कळलेलं नाही. म्हणून मी आज दिवसभर भिंतीखाली उभी राहणार आहे, अंड्यांच्या स्टॉलशेजारी. जरा काही आवाज आला, जरा माती पडली, की शिट्टी वाजवून सगळ्यांना बाजूला करेन."

पुढे ऑफिसात कुणीतरी याला धाडस म्हटलं. ते धाडस नव्हतं. त्या कागदावर सही करण्यापेक्षा भिंतीखाली उभं राहणं मला सोपं वाटलं होतं, एवढंच.

एडनाने वही माझ्या हातात परत दिली आणि पायऱ्या चढायला लागली. एक, दोन, तीन. मग थांबली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"दिवसभर?" तिने विचारलं.

"पाच वाजेपर्यंत."

"तुला मूलबाळ आहे?"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. तरीही त्या क्षणी ती मला 'तू' म्हणाली, हे मला कळलं.

"मुलगी आहे. चार वर्षांची. माझ्या आईकडे असते, सांगलीला. घर मिळालं की आणणार आहे."

"नाव काय तिचं?"

"सुनीती."

तिने ते नाव पुटपुटल्यासारखं म्हणून बघितलं, चुकीचं. मग ती तिथेच पायरीवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"तू काच चुकीच्या भिंतीवर लावलीस," ती म्हणाली.

मी वही मिटली.

"फळ्यांच्या मध्यावर जा. एक रंग जरा वेगळा असलेली फळी आहे. तिला वरच्या अंगाला दोनच स्क्रू आहेत. ती काढ."

"तिच्यामागे काय आहे?"

"काढ आधी. आणि पटकन काढ."

माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर होता. फळी सापडायला वेळ लागला नाही. त्यातला एक स्क्रू गंजलेला होता, तो फिरेना. मी फळीच खालून ओढली आणि ती तुटून हातात आली. आतून ओल्या मातीचा आणि कुजलेल्या लाकडाचा वास आला. मी टॉर्च आत धरला.

पुढच्या भिंतीचं अर्धं ओझं जिथे उतरतं, तिथे विटांचा जाड खांब असायला हवा होता. त्या काळच्या प्रत्येक इमारतीत असतो. इथे खांब नव्हता. त्याच्या तुटक्या विटांचे दात वर छताजवळ दिसत होते. त्याच्या जागी रेल्वेरुळांखाली घालतात तसला एक लाकडी स्लीपर उभा केलेला होता. त्याचा पाय पाण्यात होता. मधोमध तो बाहेर वाकला होता, आणि वाकल्या जागी उभा चिरला होता. चिरेची कड ताजी, पिवळी होती.

मी स्क्रूड्रायव्हर स्लीपरच्या पायाशी टेकवला. जोर लावला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला.

मी स्क्रूड्रायव्हर तसाच तिथे सोडून मागे आले. चालताना पावलांचा आवाज होऊ नये असं वाटत होतं.

"वर चला," मी तिला म्हटलं.

"पडेल?"

"पडेल. कधी ते नाही सांगता येत. वर चला तुम्ही आधी."

ती उठली नाही. "ऐकून घे. वर गेल्यावर मला बोलता येणार नाही." तिचा आवाज सरळ होता, एखादा पत्ता सांगावा तसा. "एकसष्ट साली वॉल्टरला स्किटल्सची खोली करायची होती. तो खांब मध्ये येत होता. चेंडू त्याला आपटायचा. त्या काळी दुपारी तीन तास पब बंद ठेवावे लागायचे. कायदाच होता. त्या तीन-तीन तासांत त्याने एकट्याने तो खांब उतरवला. बारा दिवस. विटा पिंपांत भरून बाहेर काढल्या. मी त्याला म्हटलं, वॉल्टर, कोणाला तरी विचार. तो म्हणाला, ज्याच्यावरून आगगाड्या जातात त्याला एक भिंत पेलणार नाही?"

"आणि तुम्ही?"

"मी तेहतीस वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बियर द्यायलासुद्धा नाही. दर गुरुवारी रात्री वर बारमध्ये उभी राहून चेंडूंचा आवाज ऐकायची." ती थांबली. "पहिली पाच वर्षं रोज वाटायचं, आज पडेल. मग वाटायचं, यंदा. मग एक दिवस वाटणंच बंद झालं. वॉल्टरचंच खरं होतं असं धरून चालले मी."

मी तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं. वर येताना तिचं वजन लागलंच नाही.

बाहेर आलो तेव्हा सहाला दहा कमी होते आणि पहिली गाडी चौकात शिरत होती. टेरी स्पिंकची, मासेवाल्याची. तो स्टॉलवाल्यांच्या संघटनेचा प्रमुख होता. पन्नाशीचा, लालबुंद, रबरी बूट. त्याने गाडी भिंतीपासून चार हातांवर, इंजिन चालू ठेवूनच उभी केली. मागे आणखी दोन गाड्या होत्या. इंजिनांची थरथर माझ्या पायांना कळत होती.

मी लाल-पांढरी पट्टी काढली आणि दाराच्या कडीपासून दिव्याच्या खांबाकडे ओढायला लागले.

"काय चाललंय?" टेरीने खिडकीतून विचारलं.

"चौक बंद आहे. गाडी मागे घ्या."

"काच तुटली का आतली?" आमचा सौदा रात्रीतून गावभर झाला होता.

"नाही."

तो खाली उतरला. "नाही म्हणजे? ठरलं काय होतं? एडना, ठरलं काय होतं?"

एडना माझ्या मागे दारात उभी होती. ती जमिनीवरच्या खडूच्या रेघांकडे बघत होती.

"खाली खांब नाही," मी म्हटलं. "कुणीतरी तो काढून लाकूड लावलंय. ते लाकूड कुजलंय. मी आत्ता बघून आले."

आणखी गाड्या आल्या. माणसं उतरून जमायला लागली. पाववाला, त्याची बायको, फुलझाडांच्या दोघी बहिणी, गाडीवर कपडे टांगायच्या दांड्या रचलेला कपडेवाला. मी मागे घ्या, मागे घ्या म्हणत होते आणि कोणी ऐकत नव्हतं.

"मला दाखव," टेरी म्हणाला.

"खाली कोणी जाणार नाही."

"मी वीस वर्षं खेळलोय त्या खोलीत. मला खांब दिसला नसता?"

"फळ्यांच्या मागे आहे."

"त्या फळ्या वॉल्टरने लावल्यात. स्वतःच्या हाताने. त्या तळघरातली वीटन्वीट त्या माणसाला माहीत होती, आणि तू काल आलेली बाई मला सांगतेस? बाजूला हो."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. धक्का दिला नाही, पण हात काढलाही नाही. त्याच्या मागे दोघे-तिघे पुढे सरकले. मी दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं. माझ्यामागे उघडं दार, खाली पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवरून हे चार धिप्पाड पुरुष धाडधाड उतरणार. मला आता फक्त एकच सांगणं शिल्लक होतं. खांब कोणी काढला ते. मी तोंड उघडलं.

"टेरी," एडना म्हणाली. "इंजिन बंद कर."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण चाळीस वर्षं तिने याच आवाजात बार बंद होण्याची वेळ जाहीर केली होती. टेरीचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. कुणीतरी जाऊन गाडी बंद केली.

"ती खरं सांगतेय. तो खांब मी काढायला लावला."

"तू?"

"एकसष्ट साली. वॉल्टर छातीच्या दुखण्याने इस्पितळात होता, आठवतंय? तुझा बाप त्याला भेटायला जायचा. तेव्हा. बाहेरगावची दोन माणसं आणली. त्यांनी तो उतरवला आणि ते लाकूड लावलं. वॉल्टर परत आला तेव्हा फळ्या मारून झाल्या होत्या. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी खोली सजवली. मी त्याला कधी सांगितलं नाही."

पाच मिनिटांपूर्वी पायरीवर बसून तिने मला जे सांगितलं होतं, ते माझ्या कानात अजून ताजं होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. विनवणी नव्हती त्यात. मी काय करते एवढंच ती बघत होती.

मी वही उघडली. वेळ घातली, पाच पंचावन्न. आणि तिने जे म्हटलं, ते लिहायला लागले.

"तेहतीस वर्षं," टेरी म्हणाला. तो हळू बोलत होता, हिशेब जुळत नसल्यासारखा. "तेहतीस वर्षं तू आम्हाला खाली जाऊ दिलंस. माझी पोरं खेळली तिथे, एडना. धाकट्याचा वाढदिवस केला आपण तिथे. तू केक दिलास."

"हो."

"वॉल्टरला दिलंस जाऊ. रोज."

"हो," ती म्हणाली. "त्यालाही."

फुलझाडांच्या बहिणींपैकी एक रडायला लागली. टेरी आणखी काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो वळला, गाडीत बसला आणि गाडी मागे घेतली. मग बाकीच्यांनी घेतल्या. अर्ध्या तासात चौक रिकामा झाला. कुणीही परत एडनाकडे बघितलं नाही. ती पट्टीच्या पलीकडून, चौकाला वळसा घालून, एकटी आपल्या घराकडे गेली.

बाजार त्या दिवशी गावाबाहेर गुरांच्या बाजाराच्या पटांगणात भरला. मी नोटिशीवर सही केली. अकरा वाजता टेकू लावणारी माणसं आली. त्यांच्या म्होरक्याने फळीमागे डोकावून बघितलं आणि आपल्या माणसांना हातवारे करूनच बाहेर बोलावलं. आत टेकू लावायला त्याने नकार दिला. बाहेरून लोखंडी तिरके टेकू उभे केले.

भिंत त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वरच्या ऑफिसातून आलेल्या इंजिनीयरने दोन दिवस पाहणी करून लिहिलं, दुरुस्ती शक्य नाही. दहाव्या दिवशी कंपनीच्या माणसांनी ब्लॅक रॅम वरून खाली, एकेक मजला उतरवला. गावातल्या कित्येकांचं म्हणणं पडलं की भिंतीला काही झालं नव्हतं, म्हातारी घाबरली आणि तिने पब घालवला. जे तसं म्हणत नव्हते, ते म्हणायचे की तिने तीस वर्षं गावाच्या पोरांचा जीव टांगणीला ठेवला. दोन्हीकडून दोषी तीच.

माझा अहवाल पुरा झाल्यावर तिच्या जबाबावर तिची सही हवी होती. मी तिच्या खोलीवर गेले. तिने खुर्ची खिडकीपाशी ओढलेली होती. खिडकीतून समोर नुसतं आभाळ दिसत होतं, तिथे आधी पब होता.

"लिहिलंस?" तिने विचारलं.

"तुम्ही चौकात सांगितलंत ते लिहिलं."

"वाच."

मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"मिसेस हॅडली, हे बदलता येईल. कोणी काढला याने अहवालात काही फरक पडत नाही. आणि मिस्टर हॅडली आता नाहीत. त्यांना कोण काय करणार आहे?"

"त्याला नाही गं." ती जरा हसली. "त्यांनी त्याला खांद्यावर नेलं होतं. टेरी पुढे होता. त्यांना काय राहील मग? पब गेला. निदान वॉल्टर राहू दे त्यांच्याकडे."

"आणि तुमचं काय?"

तिने पेन घेतलं. सही केली, नीट, वळणदार. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नऊ दिवस इथे बसून मी ती पडायची वाट बघत होते. माझीच भिंत. बसल्याबसल्या म्हणायची, पड आता, पड एकदाची, म्हणजे त्यांना दिसेल तरी. पडली नाही. वॉल्टर कामाला पक्का होता."

माझ्या सहा महिन्यांची मुदत जूनमध्ये संपली. ती वाढवतो असं ग्रॅहम म्हणाले, पण नवऱ्याला नोकरी लागली आणि आम्ही उत्तरेला गेलो. सुनीती आली, शाळेत गेली. एडना चार वर्षांनी वारली, हे मला ग्रॅहमच्या नाताळच्या पत्रातून कळलं. दफनाला अकरा माणसं होती, असं त्यांनी लिहिलं होतं. टेरी आला होता का, ते लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी ऑल्डरविकच्या इतिहास मंडळातल्या एका बाईंची मेल आली. गावातल्या बंद पडलेल्या पबांवर त्या पुस्तक काढत होत्या. एकूण चौदा पब. ब्लॅक रॅमचं प्रकरण त्यांनी जोडलं होतं. त्या सकाळी तिथे असलेल्यांपैकी आता मीच हाताशी आहे, तेव्हा मजकूर तपासून द्यावा, अशी विनंती होती. सात पानं होती. लोकरीचे व्यापारी, आगीतून वाचलेलं छप्पर, गुरुवारचे सौदे. वॉल्टर हॅडलीवर अख्खं पान, दिलखुलास माणूस म्हणून, त्याच्या फोटोसकट. आणि शेवटी हा परिच्छेद:

'१९६२ साली पती रुग्णालयात असताना श्रीमती एडना हॅडली यांनी त्यांच्या नकळत तळघरातला मुख्य खांब काढून टाकला. त्यामुळे इमारत पुढे धोकादायक झाली. वॉल्टर हॅडली यांना ही गोष्ट अखेरपर्यंत माहीत नव्हती.'

मी तो दोनदा वाचला. उठून स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, न पिता परत आले. मग उत्तर लिहिलं.

'१९६२ च्या जागी १९६१ करावे. बाकी मजकूर बरोबर आहे.'